ग्रेड केलेली जुनी ब्रिटिश सोन्याची नाणी: नवख्यांनी सुरुवात कुठून करावी

जुन्या ब्रिटिश सोन्याच्या नाण्यांच्या नादी लागणारा नवखा संग्राहक बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतो. ऑनलाइन लिलावात ग्रेडिंग कंपनीच्या प्लास्टिकच्या सीलबंद डबीतले, लेबलावर ‘एमएस ६४’ (ही नाण्याच्या स्थितीची ग्रेड) लिहिलेले नाणे दिसते. ते घेऊन झाल्यावर मग ते कोणत्या टाकसाळीचे, किती सापडते, सोन्याच्या भावापेक्षा किती जास्त मोजले, याची चौकशी सुरू होते. या छंदात पैसे बुडतात ते नकली नाण्यांपेक्षा या उलट्या क्रमाने जास्त. नाणे अस्सल असते, डबीही अस्सल असते, फक्त किंमत दीडपट दिलेली असते.

म्हणून आधी नाणे, मग ग्रेड, मग डबी आणि शेवटी किंमत, या क्रमाने जाऊ.

आधी मालिका ठरवा

‘ब्रिटिश सोन्याची नाणी’ हा विषय फार पसरट आहे. १६६३ ते १८१४ पर्यंतची गिनी, त्यानंतरचे सॉव्हरिन (म्हणजे एक पौंडाचे नाणे) आणि अर्धे सॉव्हरिन, शिवाय दोन आणि पाच पौंडांची मोठी नाणी. यातले १८३९ चे पाच पौंडांचे ‘ऊना आणि सिंह’ हे विल्यम वायनने कोरलेले नाणे चित्रात पाहून खूश व्हावे, इतके महाग आहे.

पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी आमचा सल्ला एकच: सॉव्हरिनवर थांबा. ते भरपूर छापले गेले, त्याची माहिती चोख नोंदलेली आहे आणि विकायची वेळ आली तर कुठेही गिऱ्हाईक मिळते. गिनीचे तसे नाही. तिच्या जातींचा अभ्यास लागतो, चांगल्या स्थितीतली गिनी दुर्मीळ आहे आणि बाजारात पितळी बिल्ल्यांचा सुळसुळाट आहे. तिसऱ्या जॉर्जच्या ‘कुदळी’ गिनीसारखे (म्हणजे कुदळीच्या पात्याच्या आकाराची ढाल असलेल्या) दिसणारे, पत्त्यांच्या खेळात वापरले जाणारे हे बिल्ले व्हिक्टोरियाच्या काळात ढिगाने निघाले. कडेच्या मजकुरात ‘गुड ओल्ड डेज’ असे शब्द दिसले की ते नाणे नव्हे, बिल्ला. आणखी एक लक्षात ठेवा. आपल्याकडचे सराफ ज्याला गिनी म्हणतात ते बहुतेक वेळा सॉव्हरिनच असते, तेव्हा शब्दावर न जाता साल आणि चित्र पाहा.

सॉव्हरिनची मापे पाठ करून टाका, कारण १८१७ पासून ती बदललेली नाहीत: वजन ७.९८८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिमी, जाडी सुमारे १.५२ मिमी, सोने २२ कॅरट, शुद्ध सोने ७.३२२ ग्रॅम. अर्धे सॉव्हरिन ३.९९४ ग्रॅमचे, व्यास १९.३ मिमी. वापरात झिजलेल्या सॉव्हरिनचे वजन ७.९३७ ग्रॅमच्या खाली गेले की ते कायद्याने चलनातून बाद होत असे. जुने नाणे त्याहून हलके भरले तर ते खूप झिजलेले तरी आहे, कडेने खरवडलेले तरी, किंवा नकली तरी.

राजे, राण्या आणि चित्रे

सॉव्हरिनच्या मागच्या बाजूला मुख्यतः दोन चित्रे येतात. एक म्हणजे बेनेदेत्तो पिस्त्रुचीने कोरलेला घोड्यावरचा सेंट जॉर्ज आणि पायाखालचा ड्रॅगन, दुसरे मुकुटाखालची ढाल. सेंट जॉर्ज १८१७ ला आला, १८२५ ला गेला आणि १८७१ ला परतला. मधला काळ ढालीचा. लंडनने ढाल १८७४ पर्यंत छापली, ऑस्ट्रेलियातल्या टाकसाळींनी १८८७ पर्यंत.

व्हिक्टोरियाचे तीन चेहरे ओळखता आले पाहिजेत. १८३८ ते १८८७ ‘तरुण मुख’, त्यावर मानेच्या कडेला वायनची ‘डब्ल्यू. डब्ल्यू.’ अक्षरे. १८८७ ते १८९३ ‘जुबिली मुख’, डोक्यावर छोटासा मुकुट. हे शिल्पकार बोएमचे काम. तो मुकुट इतका लहान दिसतो की तेव्हाही त्यावर टीका झाली होती. १८९३ ते १९०१ ‘वृद्ध मुख’, डोक्यावरून पदर, कोरणारा थॉमस ब्रॉक. पुढे सातवा एडवर्ड १९०२ ते १९१०, आणि पाचवा जॉर्ज १९११ पासून. पाचव्या जॉर्जची शेवटची सॉव्हरिन १९३२ साली प्रिटोरियात निघाली.

तरुण मुखाच्या ढालीवाल्या नाण्यांत १८६३ ते १८७४ या काळात लंडनने पुष्पहाराखाली साच्याचा क्रमांक कोरला. काही जण नुसते हे क्रमांकच जमवतात. नवख्याने त्यात पडू नये. एकेका वर्षात शंभराहून जास्त साचे वापरलेले असू शकतात.

टाकसाळीचे चिन्ह म्हणजे एक बारीक इंग्रजी अक्षर. सिडनीला ‘एस’, मेलबर्नला ‘एम’, पर्थला ‘पी’, ओटावाला ‘सी’, प्रिटोरियाला ‘एसए’, मुंबईला ‘आय’. लंडनला काहीच नाही. १८८७ नंतरच्या सेंट जॉर्जच्या नाण्यांवर हे अक्षर सालाच्या मध्यावर, घोड्याखालच्या जमिनीच्या पट्टीत असते. त्याआधीच्या तरुण मुखाच्या सेंट जॉर्ज नाण्यांवर ते राणीच्या मानेखाली, आणि ढालीवाल्यांवर पुष्पहाराखाली. चिन्ह चुकीच्या जागी शोधल्यामुळे मेलबर्नचे नाणे लंडनचे समजून विकणारेही भेटतात. कधी त्यात तुमचा फायदा होतो, कधी तोटा.

मुंबईचे सॉव्हरिन

मराठी संग्राहकाला सुरुवातीला घ्यावेसे वाटणारे नाणे म्हणजे १९१८ चे ‘आय’ चिन्हाचे. १८९९ च्या कायद्याने हिंदुस्थानात सॉव्हरिन १५ रुपयांना कायदेशीर चलन ठरले होते. पहिल्या महायुद्धात सोने समुद्रमार्गे हलवणे धोक्याचे झाले, म्हणून मुंबईच्या टाकसाळीत लंडनच्या रॉयल मिंटची शाखा काढली गेली. लंडनहून साचे यायला वेळ लागला, तोवर तिथेच १५ रुपयांचे सोन्याचे नाणे छापले गेले. वजन आणि कस सॉव्हरिनइतकाच, पण मागच्या बाजूला किंमत आणि वेलबुट्टी. ऑगस्ट १९१८ मध्ये सॉव्हरिनची छपाई सुरू झाली आणि १२,९५,३७२ नाणी निघाली. साल सगळ्यांवर १९१८. त्यानंतर ही शाखा बंदच झाली, त्यामुळे ही एका वर्षाची मालिका आहे.

हे नाणे दुर्मीळ मात्र नाही, आणि विक्रेता ‘रेअर बॉम्बे मिंट’ म्हणाला म्हणून दुप्पट मोजू नका. चांगल्या स्थितीत ते कमी मिळते, कारण बरीच नाणी दागिन्यांत गेली. लेबलावर ते बहुतेक वेळा ब्रिटनऐवजी भारताच्या नावाखाली नोंदलेले असते, तेव्हा शोधताना दोन्हीकडे शोधा. स्पिंक या लंडनच्या लिलावगृहाच्या नाण्यांच्या यादीत त्याचा क्रमांक ३९९८. पाचव्या जॉर्जचे साधे लंडनचे नाणे ३९९६. हे क्रमांक लिलावाच्या प्रत्येक यादीत येतात. त्यांची सवय झाली की वर्णन न वाचताही नाणे कळते.

कमी छापले आणि कमी उरले, या दोन वेगळ्या गोष्टी

१८१९ चे सॉव्हरिन ३,५७४ छापले गेले, म्हणून ते दुर्मीळ. हे सरळ आहे. पण १९१७ ची लंडनची नाणी दहा लाखांहून जास्त छापली गेली आणि तरीही ती दुर्मीळ आहेत, कारण युद्धाची देणी भागवायला बहुतेक अमेरिकेला गेली आणि तिथे वितळवली गेली. उलट १९२५ ची लंडनची नाणी उत्तम स्थितीत सहज मिळतात. १९४९ ते १९५२ या काळात त्याच सालाचे साचे वापरून ती पुन्हा छापली गेली आणि ती हाताळलीच गेली नाहीत. तेव्हा १९२५ चे एमएस ६५ पाहून हुरळून जाऊ नका.

१९१७ च्या लंडनच्या नाण्याची नक्कलही भरपूर झाली आहे. हे साल ग्रेडिंग कंपनीच्या डबीशिवाय घेऊच नये.

ग्रेड म्हणजे नेमके काय

अमेरिकन माप १ ते ७० चे. ते विल्यम शेल्डनने १९४९ मध्ये अमेरिकेच्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी आखले. पुढे पीसीजीएस आणि एनजीसी या नाणी ग्रेड करणाऱ्या कंपन्यांनी १९८० च्या दशकात ते सगळ्या नाण्यांना लावले. ६० पासून वर ‘एमएस’, म्हणजे चलनात न वापरलेले. ५० ते ५८ ‘एयू’, म्हणजे जेमतेम स्पर्श झालेले. ४० आणि ४५ ‘एक्सएफ’. खास चकचकीत पॉलिश केलेल्या साच्यांतून काढलेल्या नाण्यांना ‘पीएफ’ किंवा ‘पीआर’. ही वेगळी जात आहे, एमएसच्या वरची पायरी नव्हे.

ब्रिटिश विक्रेते शब्दांत बोलतात: फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन (ईएफ), अनसर्क्युलेटेड, आणि सगळ्यात वर एफडीसी, म्हणजे निर्दोष. गोंधळ इथे होतो. ब्रिटिश डोळा झिजेबाबत कडक आहे. लंडनच्या यादीत ‘गुड ईएफ’ म्हटलेले नाणे अमेरिकन डबीत एमएस ६१ म्हणून येऊ शकते. त्यामुळे ‘एमएस’ वाचले की नाणे कोरे करकरीत असेल, असे गृहीत धरू नका. सॉव्हरिन थैल्यांतून, एकमेकांवर आपटत बँकांमधून फिरली. एमएस ६१ आणि ६२ वर गालावर आणि मोकळ्या भागात ठळक घाव असतात. डोळ्याला सुखावणारे नाणे साधारण एमएस ६३ पासून सुरू होते. ब्रिटनमधल्या एलसीजीएस या ग्रेडिंग कंपनीचे माप १०० गुणांचे आहे, तिथल्या ८० ची तुलना इथल्या ७० च्या मापाशी करू नका.

झीज कुठे पाहायची? पाचव्या जॉर्जच्या कानावरच्या केसांत, भुवईवर आणि मिशीवर. व्हिक्टोरियाच्या तरुण मुखावर कानावरच्या बटांत. मागच्या बाजूला सेंट जॉर्जच्या शिरस्त्राणावर, घोड्याच्या पुठ्ठ्यावर आणि ड्रॅगनच्या खांद्यावर. तिथला रंग आजूबाजूपेक्षा मंद, करडट दिसला तर ती झीज. चकाकी सलग असून तपशील नुसते बोथट असतील तर तो छपाईचा कमकुवतपणा. दोन्हींतला फरक कळायला नाणे दिव्याखाली हळूहळू फिरवावे लागते. कोऱ्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा गोल फिरतो. झिजलेल्या उंचवट्यापाशी आला की तो तुटतो.

‘डिटेल्स’ हा शब्द लेबलावर असेल तर थांबा. नाणे अस्सल आहे पण त्यात दोष आहे म्हणून अंकी ग्रेड नाकारलेली आहे, असा त्याचा अर्थ. पीसीजीएसच्या दोषयादीत ९२ म्हणजे साफ केलेले नाणे. सॉव्हरिनमध्ये दोन दोष सतत भेटतात. एक, घासून चकचकीत केलेले. दुसरा, दागिन्यातून काढलेले, म्हणजे कडेला घडीव चौकट बसवलेली किंवा वरच्या टोकाला कडी जोडलेली होती आणि ती काढून कड घासून टाकली. आपल्याकडे हा दुसरा प्रकार फार, कारण गळ्यातल्या हारात आणि पेंडंटमध्ये सॉव्हरिन घालण्याची पद्धत होती. बारा वाजण्याच्या जागी कडेचे दाते बारकाईने मोजा. तिथे ते चपटे, पुसट किंवा वेगळ्या रंगाच्या सोन्याने भरलेले असतील तर कडी होती. असे नाणे सोन्याच्या भावाला घ्यायला हरकत नाही, संग्राहकाच्या भावाला नको.

हाताशी काय असावे

दहापट मोठे दाखवणारे तीन भिंगांचे लूप, मिमीचा शतांश दाखवणारा व्हर्नियर, ०.०१ ग्रॅमचा काटा आणि एकच बल्ब असलेला टेबललॅम्प. ट्यूबलाइटखाली ओरखडे दिसत नाहीत, प्रकाश एका बिंदूतून आला पाहिजे. व्हर्नियरचे जबडे उघड्या नाण्याला लावताना मध्ये पातळ कागद ठेवा आणि त्याची जाडी वजा करा.

पाण्यातले वजन घेऊन घनता काढण्याची युक्ती सगळे सांगतात, पण तिची मर्यादा कोणी सांगत नाही. २२ कॅरटचे तांबेमिश्रित सोने १७.६ च्या आसपास भरते, मिश्रणात चांदी असेल तर १८ पर्यंत. सॉव्हरिनचे वजन पाण्यात सुमारे ०.४५ ग्रॅमने कमी होते. तुमचा काटा ०.०१ ग्रॅमचा असेल तर ०.४४ वाचल्यास घनता १८.२ येते, ०.४६ वाचल्यास १७.४. म्हणजे एका अंकाच्या चुकीने निकाल या टोकाचा त्या टोकाला जातो. ही चाचणी करायची तर काटा ०.००१ ग्रॅमचा हवा, नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकलेले हवेत आणि दोरा अगदी बारीक हवा.

आणि एवढे करूनही ती पुरी पडत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली आणि बैरूतकडे सॉव्हरिनच्या नकला झाल्या त्या चांगल्या सोन्याच्याच. सॉव्हरिनला त्यातल्या सोन्याहून जास्त भाव मिळायचा, म्हणून सोने वापरूनही धंदा परवडत होता. अशी नाणी काट्यावर आणि व्हर्नियरवर पास होतात. ती पकडायची तर लूपच हवे. सपाट भागात वर आलेले बारीक ठिपके, अक्षरांच्या मुळाशी गोलसर वितळल्यासारखी कड, कडेच्या आतल्या दातांची कमी-जास्त लांबी, घोड्याच्या लगामाचा पुसट धागा ही लक्षणे. सालाच्या उजवीकडे पिस्त्रुचीची ‘बी. पी.’ अक्षरे पाहा. अस्सल नाण्यावर ती बारीक पण सुटी असतात, नकलेवर बऱ्याचदा एक गोळा होतो. पाचव्या जॉर्जच्या मानेच्या कडेवरची, ते मुख घडवणाऱ्या मॅकेनलची ‘बी. एम.’ अक्षरेही तशीच तपासा. शिवाय साल आणि चिन्ह यांचा मेळ बसतो का ते पाहा. १९१७ नंतरचे, चिन्ह नसलेले पाचव्या जॉर्जचे सॉव्हरिन १९२५ चेच असू शकते. १९२० चे लंडनचे कोणी दाखवले तर पुढे बोलायची गरज नाही.

डबी तपासणे

नकली नाण्यांसारख्या नकली डब्याही असतात. एनजीसीच्या लेबलावरचा प्रमाणपत्र क्रमांक सात अंक, आडवी रेघ आणि तीन अंक असा असतो. पीसीजीएसचा साधारण सात-आठ अंकी. तो क्रमांक विक्रेत्याने पाठवलेल्या दुव्यावर नव्हे, तर कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन टाका.

क्रमांक सापडला म्हणजे काम झाले असे समजू नका. नकली डबी बनवणारे अस्सल नाण्याचाच क्रमांक उचलतात. म्हणून नोंदीत नाण्याचे छायाचित्र असेल तर खूण जुळवा: राजाच्या गालावरचा अमुक घाव, अमुक अक्षराजवळचा ओरखडा. सोन्यावरचे घाव बोटाच्या ठशाइतके वेगळे असतात, दोन नाण्यांवर ते एकसारखे येत नाहीत. तीन खुणा जुळल्या तर नाणे तेच. एकही जुळत नसेल तर डबी नकली आहे किंवा उघडून नाणे बदलले आहे. डबीच्या शिवणीवर पांढुरकी रेघ, कोपऱ्यात तडा, लेबलाची छपाई धूसर, यातले काही दिसले तर घेऊ नका. पीसीजीएसच्या अलीकडच्या डब्यांत चिप असते, ती फोनने वाचता येते.

दोन्ही कंपन्या ‘पॉप्युलेशन’ म्हणजे आजवर त्या ग्रेडची किती नाणी तपासली याचा आकडा देतात. विक्रेत्यांचा हा लाडका आकडा. तो वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. वरची ग्रेड मिळावी म्हणून लोक डबी फोडून तेच नाणे पुन्हा पाठवतात, त्यामुळे आकडा फुगतो. आणि साध्या सालाच्या, कमी ग्रेडच्या नाण्यांचा आकडा लहान असतो, कारण ती पाठवण्याचा खर्च कोणी करत नाही. ‘जगात फक्त चार’ हे वाक्य ऐकले की नाणी चार की पाठवणारे चार, ते विचारा.

किंमत कशी मांडावी

आधी सोन्याचे मोल. ७.३२२ गुणिले शुद्ध सोन्याचा त्या दिवसाचा ग्रॅमचा भाव. भाव १०,००० रुपये धरला तर ७३,२२०. त्यावर जे काही मागितले जाते ते संग्राहकाचे अधिमूल्य. हे दोन भाग कागदावर वेगळे लिहा, नाहीतर सोने चढल्यावर तुमचा संग्रह फळाला आला असे वाटते आणि प्रत्यक्षात अधिमूल्य घसरलेले असते.

पाचव्या जॉर्जच्या १९११ ते १९१३ सारख्या नेहमीच्या सालांना एमएस ६२ पर्यंत अधिमूल्य नाममात्र असते. अशी नाणी डबीत घालण्याचा खर्चही वसूल होत नाही. ती सुटी घ्यावीत. डबीला अर्थ येतो तो दुर्मीळ सालांना, जिथे नकलेची भीती आहे तिथे, आणि एमएस ६४-६५ च्या वर, जिथे एका गुणाने किंमत उडी मारते. आमच्या मते नवख्याने ती उडी टाळावी. एमएस ६३ आणि ६४ मधला फरक दोन तज्ज्ञांत एकमत होण्याइतका ठळक नसतो. पैसे मात्र तुम्ही पक्के मोजता. त्याच पैशात एक दुर्मीळ साल एयू ५८ मध्ये येते. एयू ५८ हा या छंदातला खरा सौदा आहे: किंचित झीज, पण बऱ्याचदा घाव कमी आणि रूप एमएस ६१ पेक्षा सरस.

दुकानातले मागणीचे भाव म्हणजे बाजारभाव नव्हे. स्पिंक, नूनन्स, हेरिटेज यांच्या झालेल्या लिलावांचे निकाल खुले असतात. त्याच सालाचे, त्याच चिन्हाचे, त्याच ग्रेडचे निदान पाच निकाल गोळा करा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा काढून टाका. बोली लावताना खरेदीदाराचे शुल्क विसरू नका. ते २४ टक्के असेल तर ७०० पौंडांवर हातोडा पडलेले नाणे ८६८ पौंडांना पडते, टपाल आणि विमा वेगळा. म्हणून बोलीची मर्यादा उलट्या दिशेने काढावी: एकूण खर्चायची रक्कम भागिले १.२४.

फोटोवरून घेत असाल तर नाणे दिव्याखाली तिरपे फिरवल्याचा छोटा व्हिडिओ मागा. सरळ वरून काढलेल्या फोटोत केसाएवढे ओरखडे लपतात. व्हिडिओ द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडे नाणे तुम्हाला हवे तसे नसते.

कायदा

भारतात राहणाऱ्यांसाठी हा भाग नाण्याच्या ग्रेडपेक्षा महत्त्वाचा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षे किंवा त्याहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था सोडून कोणालाही पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे घरातले १९१८ चे सॉव्हरिन ग्रेडिंगसाठी कुरिअरने अमेरिकेला पाठवणे ही निर्यात आहे. ‘परत येणारच आहे’ हा बचाव नव्हे. त्यामुळे भारतातल्या संग्राहकाने आधीच ग्रेड केलेले नाणे भारतातल्याच परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा लिलावातून, पक्क्या बिलावर घेणे सगळ्यात सोपे. पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो, तो दाखवा म्हणण्यात संकोच नको. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम विक्रेत्याला रोखीने घेता येत नाही, तेव्हा रोखीवर सूट देतो म्हणणारा तुम्हालाही गोत्यात आणतो.

परदेशातून येताना सोबत सोन्याचे नाणे असेल तर विमानतळावर जाहीर करा. दागिन्यांसाठीची सवलत नाण्यांना लागू होत नाही. शुल्काचे दर आणि आयातीचे नियम बदलत असतात, निघण्यापूर्वी कस्टम्सच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचा नियम वाचा. आणि एकदा भारतात आलेले शंभरी ओलांडलेले नाणे परत नेताना हाच १९७२ चा कायदा आडवा येऊ शकतो. लंडन, लेस्टर किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी संग्रह तिकडेच ठेवलेला बरा.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना दोन फायदे आहेत. १८३७ पासूनची सॉव्हरिन तिथे कायदेशीर चलन मानली जातात, म्हणून विकताना झालेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. आणि १८०० नंतरची सोन्याची नाणी गुंतवणुकीचे सोने म्हणून व्हॅटमुक्त असू शकतात, अट अशी की ती साधारणपणे सोन्याच्या मोलाच्या १८० टक्क्यांपर्यंतच्या भावाने विकली जाणारी असावीत. गिनी बहुतांशी १८०० च्या आधीची, ती यात बसत नाही.

घरी आल्यावर

डबी फोडू नका. सुटे नाणे असेल तर कडेने धरा आणि काहीही झाले तरी पुसू नका, मऊ सुती कापडानेही नाही. चिंच, रिठा, टूथपेस्ट यांतले काहीही नाण्याला लावू नका. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटात राहून हिरवट चिकटा धरला असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये काचेच्या वाटीत दहा मिनिटे बुडवून, न घासता, हवेवर वाळवा. खिडकी उघडी ठेवा, आसपास ज्योत नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल आणि रंग असतो. सोन्यावरचे लालसर-तपकिरी ठिपके मिश्रणातल्या तांब्याचे असतात. ते चिकट्यासारखे निघत नाहीत आणि काढायला जाऊही नये.

कोकणपट्टीच्या दमट हवेत डब्यांच्या पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्यात ती बदला. बँकेच्या लॉकरवर पूर्ण भिस्त ठेवू नका. चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तरी बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपटीपुरती असते. भाडे ३,००० असेल तर तीन लाख, म्हणजे काही थोडीच सॉव्हरिन. वरच्या रकमेचा विमा वेगळा घ्या.

नोंदवहीत प्रत्येक नाण्यापुढे साल, टाकसाळीचे चिन्ह, स्पिंक क्रमांक, ग्रेड, प्रमाणपत्र क्रमांक, खरेदीची तारीख, त्या दिवसाचा सोन्याचा भाव आणि दिलेले अधिमूल्य लिहा. बिल स्कॅन करून ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. वहीच्या पहिल्या पानावर, ही नाणी विकायची झाल्यास कोणत्या लिलावगृहाला विचारायचे ते घरच्यांसाठी लिहून ठेवा. नाहीतर ती गल्लीतल्या सराफाकडे जातील, तो डबी फोडून काट्यावर टाकेल आणि आठ ग्रॅमला थोडी कमी म्हणून घट धरेल.